वीज गेल्यानंतरचे दहा सेकंद



वसंत ऋतूत व्याख्याने ठेवायची आणि नेमकी त्याच दिवसांत वीज जायची, हा योग आपल्याकडे जुना आहे. दिवे गेले की श्रोते "अरे!" म्हणतात, आले की टाळ्या वाजवतात, आणि वक्ता सुटलेले वाक्य पुन्हा हाती धरतो. सभागृहात एवढ्यावर भागते. पण त्याच क्षणी गावातल्या रुग्णालयात कोणाची शस्त्रक्रिया अर्ध्यावर असते, कोणाचा श्वास यंत्राच्या आधाराने चाललेला असतो, काचेच्या पेटीत एखादे अपुऱ्या दिवसांचे मूल ऊब घेत असते. तेथे पुढच्या दहा सेकंदांत काय होते, ते कोण करते आणि ते कशाने अडते, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी इंजिनियर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वायरमन, फिटर आणि जनरेटर चालवणारे ऑपरेटर ह्यांच्या संगतीत, त्यांच्या तक्रारी लिहून घेता घेता झाले. कामगाराची तक्रार नीट लिहायची तर त्याचे यंत्र समजावे लागते; नाही तर मालकाचा इंजिनियर दोन इंग्रजी शब्द फेकतो आणि आपण गप्प बसतो. तेव्हा समीकरणे मला विचारू नका. पण कोणत्या खटक्यामागे कोणाचा जीव टांगलेला आहे, हे मी सांगू शकेन.

प्रथम मांडणी पाहू. मोठ्या रुग्णालयाला वीज दोन वाटांनी मिळते. एक वाट वीज कंपनीच्या तारेची. दुसरी आवारातल्या डिझेल जनरेटरांची. ह्या दोन वाटा जेथे एकत्र येतात तेथे एक खटका असतो. त्याला चेंजओव्हर स्विच म्हणतात. तो एका वेळी एकाच वाटेचे दार उघडतो. तो हाताने फिरवायचा असेल तर साधा. वीज गेली हे स्वतः ओळखून स्वतःच फिरत असेल तर स्वयंचलित. दोन दारांना मिळून एकच अडसर आहे अशी कल्पना करा. अडसर ह्या दारातून काढल्याशिवाय हे दार उघडत नाही, आणि काढलेला अडसर त्या दारात बसल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. दोन्ही दारे एकदम उघडी राहणे शक्यच नाही. ह्या योजनेला इंटरलॉक म्हणतात. चांगल्या स्विचमध्ये ती विजेच्या जोडणीनेही केलेली असते आणि लोखंडी दांड्यानेही. म्हणजे तारेने दगा दिला तरी लोखंड अडवते.

एवढा बंदोबस्त कशासाठी? रस्त्यावरच्या खांबावर चढलेल्या माणसासाठी. पाटाचे पाणी उताराच्या एकाच दिशेने जाते. विजेला असा उतार नसतो. चौकातला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टची वीज उतरवून आपल्याला ४३३ व्होल्टच्या आसपास देतो. पण त्याच ट्रान्सफॉर्मरला आपल्या बाजूने वीज दिली तर तो तितक्याच इमानाने उलटे काम करतो: ४३३ चे पुन्हा ११,००० करून वरच्या तारेत सोडतो. लाईन बंद आहे असे समजून लाईनमन त्या तारेला हात घालतो. त्याने उपकेंद्रातून लाईन बंद करवून घेतलेली असते, परवाना घेतलेला असतो, त्याच्या बाजूने सर्व बिनचूक असते. त्याला मारणारी वीज मागच्या गल्लीतल्या जनरेटरमधून आलेली असते.

हा धोका केवळ मोठ्या संस्थांचा नाही, म्हणून येथे क्षणभर थांबतो. लग्नाच्या कार्यालयात, दुकानात, बंगल्यात लहान जनरेटर असतो. तो चालू करून दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसायची आणि घरभर दिवे लावायचे, असा एक शहाणपणा पुष्कळ ठिकाणी चालतो. "मेन स्विच आधी बंद करतो ना, मग झाले," असे वर उत्तर मिळते. एखाद्या दिवशी घाईत तो बंद करायचा राहतो. बंधूंनो, लाईनमनचा जीव आपल्या स्मरणशक्तीवर ठेवायचा नसतो. तो लोखंडाच्या अडसरावर ठेवायचा असतो. लाईनमनलाही शिकवलेले असते की, लाईन बंद झाली एवढ्यावर विश्वासू नकोस. ती तपास, आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जमिनीशी जोड. पण भर पावसात, अपुऱ्या माणसांनिशी, खालून लोक ओरडत असताना हे राहून जाण्याचा संभव असतो. अशा वेळी त्याच्यामागे उभा असतो तो आपल्या आवारातला अडसर. म्हणून चेंजओव्हर स्विच ही ग्राहकाची सोय नव्हे. ती दुसऱ्याच्या जिवाची हमी आहे.

आता घड्याळ लावून दहा सेकंद मोजू. वीज गेली. स्विचचे नियंत्रक यंत्र लगेच धावत सुटत नाही. एक-दोन सेकंद थांबते. कारण पुष्कळदा वीज डोळा मिचकावावा तशी जाते आणि येते. तेवढ्यासाठी इंजिन उठवण्यात अर्थ नसतो. तरीही वीज आली नाही, तर ते जनरेटरला हुकूम देते. बॅटरी स्टार्टरला फिरवते, स्टार्टर इंजिनाला फिरवतो, इंजिन पेट घेते आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या गतीला पोचते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला १५०० फेरे फिरले की नेमकी तेवढी आवर्तने निघतात. व्होल्टेज आणि आवर्तने ठरलेल्या मर्यादेत आली, की स्विच जुने दार लावतो आणि नवे उघडतो. जीवरक्षक जोडण्यांसाठी हे सर्व दहा सेकंदांच्या आत व्हावे, अशी मर्यादा अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकात घातलेली आहे, आणि तेच माप सर्वसाधारणपणे डोळ्यांपुढे ठेवले जाते. मधल्या पोकळीत श्वास देणारी यंत्रे स्वतःच्या बॅटरीवर किंवा यूपीएसवर तग धरतात.

वीज परत आल्यावर मात्र स्विच मुळीच घाई करत नाही. आलेली वीज टिकते की पुन्हा जाते, हे तो काही मिनिटे पाहतो. मग दार बदलतो. त्यानंतरही इंजिन बिनभाराचे चार-पाच मिनिटे चालू ठेवतात, म्हणजे तापलेले भाग हळूहळू निवतात.

येथपर्यंत जनरेटर एकच आहे असे धरले. पण मोठ्या ठिकाणी तीन-चार असतात आणि ते एकत्र चालतात. एकच मोठा का घेत नाहीत? उदाहरणासाठी आकडे घेऊ. एका रुग्णालयाला दिवसा ६०० किलोवॅट लागतात आणि रात्री २००. आपण ५०० केव्हीएचे तीन जनरेटर घेतले. असा प्रत्येक जनरेटर साधारण ४०० किलोवॅट देतो. दिवसा दोघांनी काम भागते. तिसरा राखीव राहतो. तिघांतला कोणताही एक आजारी पडला तरी काम अडत नाही. रात्री एकटा निम्म्या भाराने चालतो. त्याऐवजी ८०० किलोवॅटचा एकच घेतला असता तर रात्री तो पाव भारावर रखडत बसला असता. डिझेल इंजिनाला हलके काम मानवत नाही. भार फार कमी राहिला की ते पुरेसे तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि न जळलेले तेल व काजळी धुराड्यात साचत जाते. शिवाय तो एकुलता एक बंद पडला म्हणजे सर्वच बंद. म्हणून अनेक जनरेटर घ्यायचे आणि समांतर जोडून चालवायचे.

येथे एक गंमत लक्षात घ्या. चेंजओव्हर स्विचचे सारे शास्त्र दोन वाटांना एकमेकींपासून तोडून ठेवण्याचे आहे. समांतर जोडणीचे सारे शास्त्र अनेकांना एकत्र आणण्याचे आहे. कोणाला कधीच जोडायचे नाही, आणि कोणाला जोडायचे पण योग्य क्षणीच, ह्या दोन गोष्टी ज्याला कळल्या त्याला हा विषय कळला.

योग्य क्षण म्हणजे कोणता? जात्याचा दृष्टांत घ्या. एक बाई दळत आहे. दुसरी मदतीला येऊन बसते. ती एकदम खुंटा पकडत नाही. जाते कोणत्या गतीने फिरते आहे ते पाहते, आपला हात त्याच गतीने त्याच्याबरोबर फिरवते, आणि हात व खुंटा एका जागी आले की मूठ आवळते. भलत्या क्षणी पकडले तर मनगट मुरगळते. जनरेटरांचेही असेच आहे. दुसऱ्याला पहिल्याच्या जोडीला घालताना चार गोष्टी जुळाव्या लागतात. दोघांचे व्होल्टेज सारखे हवे. आवर्तने सारखी हवीत. तिन्ही फेजांचा क्रम तोच हवा. हा क्रम उभारणीच्या वेळी आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर तपासून घ्यायचा असतो. आणि चौथी, सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे, दोघांच्या लहरींचा चढ आणि उतार एकाच क्षणी यायला हवा.

जुन्या पॅनेलवर हे पाहण्यासाठी दिवे लावलेले असत. दोन्ही जनरेटरांच्या सारख्या फेजांमध्ये दिवा जोडला की लहरी जुळत येतील तसा तो मंद होतो, विरोधात जातील तसा प्रखर होतो; काळोखाच्या बरोबर मध्यावर ऑपरेटर ब्रेकर लावी. पुढे सिंक्रोस्कोप नावाचे काट्याचे यंत्र आले. दोन जनरेटरांत सेकंदाला एक दशांश आवर्तनाचा फरक असला की काटा दहा सेकंदांत एक फेरा करतो. येणारा जनरेटर किंचित जलद ठेवायचा, काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरू द्यायचा, आणि तो बारावर पोचण्याच्या जरा आधी हुकूम द्यायचा. कारण ब्रेकरलाही मिटायला क्षणाचा अवधी लागतो. आता हे सर्व नियंत्रक यंत्र स्वतः करते, आणि चांगल्या हाताहून नेमके करते. चुकीच्या क्षणी ब्रेकर मिटला तर काय होते? लहरी अगदी उलट असतील तर दोघांमधला फरक व्होल्टेजच्या दुप्पट होतो. इंजिनाच्या दांड्याला असा हिसका बसतो की जोड तुटू शकतो, आणि जनित्रातली तांब्याची वेटोळी जागची हलतात. शेजारी माणूस उभा असेल तर त्याचे काय, हे मी निराळे सांगायला नको.

सुरुवातीलाच एक पेच असतो. वीज जाताच तिन्ही जनरेटर एकदम उठतात. तिघांनाही समोरची मुख्य पट्टी, म्हणजे बसबार, रिकामी दिसते. रिकाम्या पट्टीवर काही जुळवायचेच नसते, तेव्हा प्रत्येकाला वाटते की आपण खुशाल जोडावे. दोघे एकाच क्षणी शिरले तर जुळवणीवाचून टक्कर. म्हणून यंत्रणेत नियम असतो: सर्वांत आधी तयार होईल त्याला एकट्याला परवानगी, बाकीच्यांनी बाहेर थांबायचे आणि त्याच्याशी जुळवून मग आत यायचे. पहिला आत आला की जीवरक्षक भार त्याच्यावर टाकतात. दुसरा आणि तिसरा जुळले की पाठोपाठ बाकीचा भार जोडतात. सगळा भार पहिल्यावरच पडला तर तो बसकण मारील.

एकत्र आल्यावर वाटणी कशी व्हायची? इंजिनाला डिझेल किती द्यायचे हे गव्हर्नर ठरवतो. भार वाढला की गती किंचित उतरू द्यायची, अशी त्याची जुनी रीत आहे. रिकामे असताना ५२ आवर्तने, पूर्ण भारावर ५०. एकत्र जोडलेल्या सर्वांची गती एकच राहते. त्यामुळे सर्वांचा उतार सारखा लावलेला असेल तर प्रत्येकजण आपल्या ताकदीच्या प्रमाणात भार उचलतो. थोराने थोर, लहानाने लहान. नव्या यंत्रणेत जनरेटर आपापला भार तारेने एकमेकांना कळवतात आणि गती न उतरवताच सारखी वाटणी करतात. व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागांतही अशीच समजूत असावी लागते. नाही तर काम न करणारा प्रवाह दोघांमध्ये विनाकारण हिंडत राहतो आणि तारा तापवतो.

येथे मला माझ्या व्यवसायाची भाषा आवरत नाही. एखाद्या इंजिनाचे डिझेल तुटले तर ते मुकाट थांबत नाही. त्याचे जनित्र बसबारमधून वीज ओढू लागते, मोटर बनते आणि मेलेल्या इंजिनाला फिरवत राहते. म्हणजे कामचुकार निवांत बसून राहत नाही. तो दुसऱ्यांच्या खांद्यावर चढतो. हे ओळखण्यासाठी उलट प्रवाहाचा रिले असतो. तो काही क्षण पाहतो आणि अशाला बाहेर काढतो. बाहेर काढल्यावर उरलेल्यांवर भार वाढतो. तो पेलण्यासारखा नसेल तर काही जोडण्या लगेच सोडाव्या लागतात. आधी वातानुकूलन, मग धुलाई, मग इतर; शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग शेवटपर्यंत धरून ठेवायचे.

ही सोडायच्या जोडण्यांची यादी कोण करतो, हा प्रश्न मी जेथे जातो तेथे विचारतो. पुष्कळदा ती ठेकेदाराच्या माणसाने नकाशावरून केलेली असते. नकाशात "लिफ्ट क्रमांक २" एवढेच लिहिलेले असते. त्याच लिफ्टने रुग्णाला शस्त्रक्रियागृहात नेतात, हे वॉर्डातल्या परिचारिकेला आणि स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयला माहीत असते. रक्त ठेवलेले शीतकपाट कोणत्या खोलीत आहे, प्राणवायूचे यंत्र कोणत्या जोडणीवर आहे, हेही तेच सांगू शकतात. ही यादी त्यांना बसवून घेऊनच करायला हवी.

हे सगळे उत्तम बसवलेले असूनही कोठे फसते, ते तीन खऱ्या प्रसंगांवरून पाहू. पहिला आपल्या मुंबईचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागातली वीज एकदम गेली. करोनाच्या साथीचे दिवस होते. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि रुग्णालये जनरेटरांवर आली. त्याच दिवशी मुलुंडच्या एका रुग्णालयात जनरेटरला आग लागली आणि रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. त्या एका घटनेचा दोष ठरवणे हे माझे काम नाही. पण एक गोष्ट सर्वांनी ध्यानात घेण्यासारखी आहे: आणीबाणीचे यंत्र वर्षभर काही मिनिटांसाठीच उठत असते, आणि एके दिवशी त्याला तासन्‌तास राबावे लागते. दहा सेकंदांत उठणे ही एक परीक्षा. उठल्यावर टिकणे ही दुसरी.

दुसरा प्रसंग जपानमधला. ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला आणि फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पाला बाहेरून येणारी वीज तुटली. तेथे सहा अणुभट्ट्या आणि एकूण १३ डिझेल जनरेटर होते. एकाची दुरुस्ती चालू होती. बाकीचे हुकमाप्रमाणे आपोआप उठले. येथवर यंत्रणा शंभर टक्के यशस्वी झाली. पाऊण तासाच्या वर गेला आणि समुद्राची लाट आली. पुष्कळसे जनरेटर आणि विजेची पॅनेले इमारतींच्या तळघरांत होती, ती बुडाली. काही जनरेटर स्वतः कोरडे राहिले, तरी त्यांची वीज वाटणारी पॅनेले पाण्यात गेल्यामुळे निरुपयोगी झाले. सहाव्या अणुभट्टीचा, हवेने थंड होणारा एकच जनरेटर चालू राहिला. कामगारांनी तात्पुरती तार ओढून त्याची वीज पाचव्या अणुभट्टीलाही दिली, आणि त्या दोन वाचल्या. म्हणजे एकावर एक राखीव ठेवले तरी, सर्व राखीव एकाच संकटाच्या वाटेत असतील तर ते सर्व मिळून एकच असतात. संख्या ही सुरक्षितता नव्हे. ह्यावरून आपल्या गावातला जनरेटर नदीच्या पूररेषेत आहे काय, एवढा तरी प्रश्न पडावा.

तिसरा प्रसंग न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचा. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी नावाच्या वादळाने समुद्राचे पाणी शहरात घुसले. ह्या रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते. पाण्याची भीती नव्हती. पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते, आणि ते बुडाले. तेव्हा रुग्णालयाचे कर्मचारी आणि नॅशनल गार्डचे जवान जिन्यावर ओळीने उभे राहिले, आणि हातोहात डिझेलची भांडी तेराव्या मजल्यावर पोचवू लागले. ह्या साखळीने जनरेटर जिवंत ठेवला. अखेरीस रुग्णालय रिकामे करावेच लागले. पण ते रुग्णांना सांभाळून करता येईल एवढा वेळ त्या जिन्यावरच्या हातांनी मिळवून दिला. यंत्रणा सर्वांत उंच भागाने तोलायची नसते, सर्वांत खालच्या भागाने तोलायची असते, हे त्या रात्री दिसले. आणि शेवटी जे उरते ते माणूसबळ, हेही दिसले.

मोठी संकटे रोज येत नाहीत. रोजच्या अडचणी फार साध्या असतात. जनरेटर न उठण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मेलेली बॅटरी. दुसरे कारण, दुरुस्तीसाठी कोणीतरी पॅनेलवरची कळ 'ऑटो'वरून काढतो आणि परत लावायची विसरतो. तिसरे, टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी साचते, गाळ धरतो आणि फिल्टर तुंबतो. ह्या तिन्हींवर एकच औषध आहे: नियमाने चालवून पाहणे. पण चालवून पाहणे म्हणजे कळ दाबून पाच मिनिटे धूर काढणे नव्हे. त्याने बॅटरी कळते, बाकी काही कळत नाही. अमेरिकन मानकात महिन्यातून एकदा ३० मिनिटे, निदान ३० टक्के भारावर चालवावे असे सांगितले आहे, ते योग्य आहे. मुख्य वीज खरोखर बंद करून स्विच फिरतो का, जनरेटर जुळतात का, ठरलेल्या जोडण्या सुटतात का, हे पाहणे म्हणजे खरी चाचणी. डिझेलचाही हिशोब मांडून ठेवावा. एक लिटरमागे ढोबळमानाने साडेतीन ते चार युनिट वीज मिळते. ६०० किलोवॅटचा भार आठ तास चालवायचा तर ४,८०० युनिट झाले; म्हणजे सुमारे १,३०० लिटर डिझेल. टाकीत तेवढे आहे का, नसेल तर रात्री दोन वाजता ते कोण आणणार, हे आधी लिहून ठेवलेले बरे.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. एका संस्थेत, तिचे नाव मी घेत नाही, नवे स्वयंचलित पॅनेल बसले. "आता माणसाची गरज काय?" असे ठरून तीन पाळ्यांचे ऑपरेटर काढले. जनरेटरच्या खोलीची किल्ली ठेक्यावरच्या पहारेकऱ्याकडे आली. नोंदवहीत दर आठवड्याला "चालवून पाहिले, ठीक" अशी नोंद पडत होती. एका रात्री वीज गेली, स्टार्टर 'टक्' असा एकदा बोलला आणि गप्प झाला. सुदैवाने वीज लवकर आली. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस कोणाला मिळाली? पहारेकऱ्याला. त्याचे प्रकरण आमच्या संघटनेकडे आले. आम्ही दोनच कागद पुढे ठेवले. एक, बॅटरी बदलावी असा काढलेल्या ऑपरेटरने जाण्यापूर्वी दिलेला अर्ज. आणि दुसरा, पहारेकऱ्याच्या नेमणुकीचा हुकूम. त्यात जनरेटर हा शब्दच नव्हता. नोटीस मागे घेतली गेली. बॅटरीही बदलली गेली. ऑपरेटर मात्र परत आला नाही.

मी स्वयंचलित यंत्राच्या विरुद्ध आहे असा ग्रह करून घेऊ नका. रात्री दोन वाजता झोपेतून उठून दहा सेकंदांत तीन जनरेटर जुळवणे कोणत्याही माणसाला जमणार नाही, आणि ते त्याच्याकडून मागणे हा अन्याय आहे. हाताने ब्रेकर लावताना ऑपरेटर जो धोका पत्करत असे, तो यंत्राने घेतला ही चांगली गोष्ट झाली. पण यंत्राने घेतले ते दहा सेकंद. उरलेला महिना माणसाचाच आहे. बॅटरीच्या टोकावर चढलेला पांढरा बुरा, धुराचा बदललेला रंग, फिल्टरपाशी आलेला ओलावा, बेअरिंगचा नवा आवाज, ह्या गोष्टींसाठी नियंत्रकाला नाक-कान नसतात. जेवढे यंत्र अधिक शहाणे, तेवढा ते सांभाळणारा अधिक शिकलेला हवा. आपण मात्र यंत्र शहाणे घेतो आणि माणूस स्वस्त शोधतो. स्वयंचलित ह्याचा अर्थ निर्मनुष्य असा कोणत्याही कोशात नाही.

ह्यावर आपण नागरिकांनी काय करावे? यंत्र उघडायचे नाही, प्रश्न विचारायचे. आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्तांना, नगरपालिकेच्या सभासदांना, आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसाला विचारा. मुख्य वीज बंद करून, भारासह शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली? जनरेटर, पॅनेल, डिझेलची टाकी आणि पंप ह्यांपैकी काय तळघरात आहे? टाकीतले डिझेल किती तास पुरेल? कोणत्या जोडण्या आधी सोडायच्या, ही यादी कोणी केली आणि वॉर्डातल्या लोकांना दाखवली का? चेंजओव्हरचा अडसर शाबूत आहे का, की कोणी दुरुस्तीच्या सोयीसाठी तो काढून ठेवला आहे? आणि रात्रपाळीला त्या खोलीशी कोण असतो, त्याला काय शिकवले आहे, आणि त्याने दिलेला अर्ज कोणाच्या टेबलावर पडून आहे?

हे सहा प्रश्न विचारायला इंजिनियर असावे लागत नाही, आणि त्यांची उत्तरे जेथे सरळ मिळतात तेथे दहा सेकंदांची चिंता करण्याचे कारण उरत नाही. जेथे उत्तराऐवजी "सगळे ऑटोमॅटिक आहे" असे ऐकू येईल, तेथे प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तर लेखी मागा.